नको म्हटलेलं पाणी

॥ ॐ नमः शिवाय ॥

लातूर,
ता. २८ एप्रिल १९८३

चि. नीलांबिका हीस आईचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण संक्रांतीपासून तुझं एकच कार्ड आलं आणि त्यात बी.एड.च्या परीक्षेची तारीख सोडून दुसरं काही नव्हतं. पत्त्यात तू अजून जिल्हा उस्मानाबाद लिहितेस. कार्ड तिकडं फिरून आलं. आता आपला जिल्हा वेगळा झाला आहे, नीट लिहीत जा.

नळाचा काही भरवसा राहिला नाही. टँकर येतो तो गल्लीच्या तोंडाशीच थांबतो, आत वळत नाही. भांडी घासलेलं पाणी मी तुळशीला घालते, तेवढी ती तग धरून आहे. अप्पा म्हणतात, जिल्हा झाला, आता पाणीही येईल. मी म्हटलं, आधी पाट्या तरी रंगवून होऊ द्या.

बसवजयंती जवळ आली. कमिटीनं यंदा अप्पांना भाषण करायला सांगितलं आहे. रोज संध्याकाळी आरशासमोर उभे राहून पाठ करतात. सगळी माणसं सारखी, कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही, असं आहे त्यात. मी भाकरी थापत ऐकते. छान लिहिलं आहे.

मागच्या आठवड्यात मी आणि कमलम्मा हैदराबादला जाऊन आलो. डोळे दाखवायला. कमलम्माचा भाऊ सिकंदराबादेत असतो, त्याच्याकडं उतरलो. डोळ्यांचा नंबर तोच आहे.

आता डोळ्यांचं एवढं काय लिहायचं. खरं म्हणजे डोळे दाखवलेच नाहीत.

दिवाळीत तू सुगत नरवाडेचं नाव काढलंस, तेव्हा अप्पा ताटावरून उठले. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा तू तुझ्या परीनं अर्थ लावलास. जाताना म्हणालीस, "आई, तू त्याला एकदा बघ तरी." तो विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबमध्ये नोकरीला आहे, घर किनवटचं, वडील रेल्वेत होते म्हणून शाळा सिकंदराबादेत झाली, हे सगळं तू सांगितलंस. ते बौद्ध आहेत हे तू शेवटी सांगितलंस. आणि शाळेतल्या मित्रांबरोबर तो गिटार वाजवतो हे तर असं सांगितलंस, जणू त्याला चष्मा आहे.

कमलम्मानं भावाला कळवून ठेवलं होतं, त्यानं त्यांच्या कार्यक्रमाचा कागद पाठवला. रॉकचा कार्यक्रम. मी कागद बाजूला ठेवला, पण कमलम्माच मागं लागली. "शिवक्का, पोरगं बघायचं तर असंच बघावं. चहा-पोह्याला सगळेच मान खाली घालून बसतात गं!" तू म्हणाली होतीस ना, बघ म्हणून? मी बघायला गेले. त्यानं मला बघू नये, एवढंच मनात होतं.

दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. उदगीर सोडल्यावर कमलम्माची करमणूक सुरू झाली. कंडक्टरशी कानडीत भांडली, बीदरच्या बाईशी बहीण-बहीण केलं. मैदानाच्या फाटकावरचा मुलगा आमच्याकडं बघून म्हणाला, "आंटी, ये कीर्तन नहीं है."

"मालूम है," कमलम्मा म्हणाली. "कीर्तन होता तो टिकट कायको लेते?"

अजून उजेड होता. माणसं बसतच नव्हती, सगळी उभी. वाद्यं सुरू झाली तशी मी मागं सरकले. नीला, तो आवाज कानाला लागत नव्हता, पोटात लागत होता. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ उभं राहिल्यासारखं. पोरं माना हलवत होती, ओरडत होती. कोण कशासाठी ओरडतं आहे हेच कळत नव्हतं.

सुगत डाव्या बाजूला होता, कागदावरच्या फोटोवरून ओळखला. तू म्हणालीस तसा उंच नाही. केस मानेपर्यंत, पण शर्ट नीट आत खोचलेला. तो ओरडत नव्हता, उड्या मारत नव्हता. डोळे मिटून वाजवत होता. मला त्यातलं काही कळलं नाही. आवडलं की नाही, तेही अजून कळत नाही. मग एकदा बाकीचे सगळे एकदम थांबले आणि तो एकटाच वाजवत राहिला, अगदी हळू. मठात पूजेच्या वेळी जातो तसा माझा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

लिंग नव्हतं.

दोरा तुटून पदरात अडकला होता, लिंगाची डबी कुठं पडली पत्ता नाही. दीक्षा झाल्यापासून एक दिवस अंगावेगळं झालं नव्हतं. तुझ्या बाळंतपणातही नाही. भोवती शेकडो बूट नाचत होते. मी खाली वाकायला गेले तर कुणाचा तरी गुडघा लागला. कमलम्माला सांगितलं, ते तिला ओठांवरूनच कळलं असेल. तिनं निऱ्या वर खोचल्या आणि गर्दी कापत थेट स्टेजपाशी गेली. तिथं तिनं काय केलं असेल? वाजवणाऱ्याचा पायच धरला. आणि धरला तो नेमका सुगतचा!

"ए बाबा, थांबीव! आमच्या अक्काचं लिंग पडलंय!"

तो गुडघ्यावर बसला, कान तिच्या तोंडाशी नेला. मग हात वर केला. सगळं थांबलं. माईकवर म्हणाला, "जो जहाँ है वहीं बैठ जाए. एक माँजी के भगवान नीचे गिर गए हैं. पाँव मत हिलाना."

कुणीतरी हसलं. हसणारा गप्प होईपर्यंत तो थांबला. मग एवढाले केस वाढवलेली पोरं मुकाट खाली बसली, मांडीखाली चाचपून बघायला लागली. मी त्यांच्यामधून वाकून फिरत होते. कुणी "इधर देखो अम्मा" म्हणत होतं, तोवर अंधारून आलं होतं, कुणी काडी पेटवून धरत होतं. एवढ्या माणसांनी माझ्या लिंगासाठी श्वास धरला होता आणि मला लाज वाटत होती. कशाची, ते विचारू नकोस.

तोही खाली उतरला होता, बूट वरच काढून ठेवून. डबी बांबूच्या कुंपणापाशी त्यालाच सापडली. तो वाकला नाही. दोन्ही हात पसरून, कुणी जवळ येऊ नये म्हणून, तसाच उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, "मावशी, इथं हाय. मी हात लावला न्हाई. तुम्हीच उचला."

मी उचललं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हात लावला नाही, हे सांगायचं त्याला एवढ्या घाईत सुचलं कसं? मी तर विचारलंही नव्हतं.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

माझा घसा कोरडा पडला होता. त्यानं कुठूनतरी स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. "घ्या मावशी." मी मान हलवली. नको.

तुला कारण माहीत आहे. जमिनीवर पडलेल्या लिंगाला आंघोळ घालून, पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेता येत नाही. आपल्याला हे लहानपणापासून माहीत, त्याला कसं माहीत असणार? त्याला एवढंच दिसलं, की त्याच्या हातचं पाणी मी घेतलं नाही.

"बरं," म्हणाला. मग माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. सगळे म्हणतात, तू माझ्यावर गेली आहेस. ग्लास घेऊन तो वर गेला. पाणी फेकलं नाही, जपून कडेला ठेवलं आणि गिटार गळ्यात घातली.

"शिवक्का, पोराला सांग की गं, लिंगाला आंघोळ न्हाई म्हणून!" कमलम्मा म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं. आणि गेले नाही. फाटकाच्या बाहेर येऊन उभी राहिले. आत पुन्हा सुरू झालं होतं.

कमलम्माच्या भावाकडं जाऊन आंघोळ केली, पूजा केली, मग पाणी प्याले. तेव्हापासून एकच विचारत राहिले स्वतःला. नियम नसता तर प्याले असते का? सकाळी वाटतं, प्याले असते. दुपारी तशी खात्री राहत नाही. कमलम्मा म्हणते, "हाव, प्याली असतीस तू." ती मैत्रीण आहे, ती तसंच म्हणणार.

त्यानं ओळखलं का मला? तुला काही बोलला का? बोलला असेल आणि म्हणून तुझी पत्रं आणखी आटली असतील, तर त्याला नियम सांग. पण तेवढंच कारण होतं असं सांगू नकोस. ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते माझ्या नावावर कुणाला सांगू नये.

अप्पांना काल सगळं सांगितलं. चिडतील वाटलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "गाणं थांबवलं? लिंगासाठी?" मग विचारलं, सापडलं कुणाला. मी सांगितलं. काल आरशासमोर उभे राहिले नाहीत. आजही नाहीत. त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज मी बांधत नाही, तूही बांधू नकोस.

आपल्यात घर बघायला मुलीकडच्यांनी आधी जायचं असतं. त्याच्या आईचं नाव आणि किनवटचा पत्ता पाठव. जयंती झाली की मी आणि कमलम्मा येऊ. ठरवायला नाही, नुसतं जायचं. सकाळच्या गाडीनं, उपाशी येईन. म्हणजे तिथं आंघोळ आणि पूजा केल्याशिवाय मला काही खाता येणार नाही, आणि लिंगावर घालायला तिच्याच घरचं पाणी लागेल. हे तिला आधी कळव. एवढ्या वर्षांत आपल्यासारख्यांनी तिला काय काय ऐकवलं असेल, मला माहीत नाही. तिनं नको म्हटलं तर मी परत फिरेन, राग धरणार नाही.

असं चालतं का, हे मठात विचारलेलं नाही. विचारलं तर जाणं होणार नाही. पाणी घालताना हात मागं येईल का, तेही आज सांगता येत नाही. तिथं जाऊनच कळेल.

हे पत्र परत वाचलं तर पोस्टात टाकणार नाही, म्हणून तसंच पाकिटात घालते.

अजून काही न उमगलेली, तरी निघालेली,
तुझी आई
शिवकांता