सगळ्यांच्या सोयीचा शटडाऊन

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. साहेबांनी शहराला सप्लाय देणाऱ्या मेन लाइनचं काम माझ्यावर टाकलं. जुनी वायर उतरवायची, नवी जाड वायर चढवायची. एक दिवस लाइट बंद; मग वर्षानुवर्षं जाणार नाही. तारीख मी ठरवणार. मी!
पहिला फोन ताईला. तिचं अंडी उबवायचं मशीन आहे. एकदा भरलं की एकवीस दिवस लाइट जाऊन चालत नाही. म्हणाली, फक्त तारीख सांग, त्या हिशोबाने मशीन भरते. १२ सांगितली. काळ्या दगडावरची रेघ.

९ फेब्रुवारी
१२ला कॉलेजची परीक्षा. प्रिन्सिपल फोनवर रडकुंडीला आले. १९ केली. फोरमन म्हणाला, माणसं आलीत, क्रेन आलीय. म्हटलं, जरा लोकांचाही विचार करा.

१८ फेब्रुवारी
उद्या पाणीपुरवठावाल्यांना जमत नाही. २७. ताईला म्हटलं, मशीन रिकामंच ठेव. म्हणाली, तुझी लाइन सुधारेपर्यंत माझा धंदा बसेल. मोठी बहीण, बोलणारच.

२६ फेब्रुवारी, दुपारी
उद्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा माल येतोय. शिवाय माझीच दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट. मार्चमध्ये करू. नक्की मार्चमध्ये.

४ मार्च
चैन नाही. उभ्याउभ्या जेवलो. यार्डात वायरचे ड्रम पडून आहेत. एका ड्रमखाली कुत्री व्याली. फोरमनने विचारलं, साहेब, हिचीही सोय बघायची का? म्हटलं, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तरी थांबू. तो पोट धरून हसला. मी विनोद केला नव्हता.

११ मार्च
साहेब कडाडले. ऊन वाढलं, लोड वाढला, जुनी वायर कधीही तुटेल. म्हटलं, सर, एकमत होत आलंय. ते नुसते बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.
ताईचा फोन. शेवटचं विचारते म्हणाली. म्हटलं, बिनधास्त भर. महिनाभर शटडाऊन नाही, माझा शब्द. तिने भरलं. चला, एक तरी माणूस खूश.

२५ मार्च
शटडाऊन घेतलाच नाही. काल भर दुपारी वायर आपली आपण तुटली. साहेब म्हणाले, लाइट गेलीच आहे तर नवीच चढवा. फोरमनच्या माणसांनी आज सकाळपर्यंत काम उरकलं. कुणालाही विचारावं लागलं नाही. कॉलेज, पाणी, कोल्ड स्टोरेज, सगळे गप्प. कमाल आहे.
भाऊजींना फोन केला. दोघांनी अंडी रजयांत गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. पिल्लू एकही निघणार नाही म्हणाले. ताई फोनवर आली नाही. कामात असेल.

२ एप्रिल
नव्या वायरवर लाइट एकदाही गेली नाही. प्रोजेक्ट यशस्वी. रिपोर्टमध्ये माझं नाव नाही; टाइप करताना राहिलं असेल.
ताईने पुन्हा मशीन भरलं, मला एकदाही फोन न करता. बसला शेवटी विश्वास! संध्याकाळी तिच्याकडे गेलो. भाऊजी छपरावर चढून सोलर पॅनल बसवत होते. ताईला म्हटलं, कशाला हे? आता लाइट जाणारच नाही, माझा शब्द.
ती म्हणाली, चहा निवतोय, पी.