मास्तरांचं तिसरं बोट

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळच्या बसने वाटूरहून जुन्या जालन्याला, मास्तरांकडे. अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले. डावा हात उशीवर, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. व्हायोलिन पेटीत बंद. त्यांची लेक शबाना दारातच म्हणाली, "ताई, अब्बा दोन दिवसांपासून बोलून न्हाई राह्यले. तुम्ही तरी बोलतं करा." समोर बसून माझं व्हायोलिन लावायला घेतलं. एक तार किंचित उतरलेली राहिली तर मिटल्या डोळ्यांवरची भुवई वर गेली. कान शाबूत! जीव भांड्यात पडला.
निघताना बोलले. "दत्तजयंतीला आष्टीच्या उत्सवात वाजवायला माझ्या जागी तू बस."
वीस वर्षं त्यांच्या मागे बसून साथ करतेय. पुढे कधीच नाही. शाळेत गणित शिकवणारी बाई मी. हो म्हणून बसले, आणि काय कबूल केलं ते बसस्टँडवर पोचल्यावर कळलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
रजा. मास्तरांना व्यायामासाठी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी डावा हात उघडून करंगळीशेजारचं बोट वाकवून पाहिलं. (आम्ही वाजवणारे त्याला तिसरं म्हणतो.) "हे झटक्याने गेलेलं नाही. सांधा फार जुना जखडलाय."
मास्तर खिडकीकडे पाहत म्हणाले, "कापसाच्या जिनिंगमधी, मशीनच्या पट्ट्यात गेल्तं. बाविशीत होतो."
मास्तरांची वाजवायची रीत डोळ्यांपुढे आली. तिसरं बोट तारेपासून वर उचलून धरायचं, पहिल्या दोन बोटांनी घसरत सूर गाठायचा. आम्ही सगळे शिष्य असंच वाजवतो. त्यांचं बघून. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही!

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गोविंदला फोन. माझ्यासोबतच शिकला, मोंढ्यात धान्याचं दुकान. ऐकून म्हणाला, "आपल्या घराण्याची अदा म्हून काय मिरवून राह्यलो गं मी लोकांत!" दोघंही हसत सुटलो. हसता हसता मला रडू आलं. मास्तरांचा मारवा रागातला रिषभ आठवला. येतोय, येतोय, आणि आला की अंगावर काटा. म्हणजे तो रस्ता मोडक्या बोटाने शोधलेला. माणूस इथवर पोचू शकतो? दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं. फळ्यावरचं उदाहरण दोनदा चुकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
विचारलंच. सांगितलं का नाही?
"आधी वाटलं, पोरं मस्करी करून राह्यले. मंग कळलं, न्हाई, भक्तीनं करून राह्यले. तवा सांगायची लाज वाटली."
थांबून, "बोट गेलं तवा माझे उस्ताद वारले व्हते. विचारायला कुणी न्हवतं. दोन बोटांत काय बसतं ते शोधत गेलो. जल्द ताना न्हाई बसल्या. सोडून दिल्या."
आणि आम्ही समजायचो, मास्तरांना ताना उथळ वाटतात. धन्य आम्ही.
"तू लाव तिसरं, बेटा. तुझं तर धड हाय."

२३ नोव्हेंबर, रविवार
आठवडाभर प्रयत्न. इतकी वर्षं अधांतरी राहिलेलं बोट, कापतं, बेसूर पडतं. आज मात्र एकदा, एकदाच, बराबर पडलं आणि तान सरळ वर गेली. घाबरून थांबलेच. इतकं सुख! पण त्यात मास्तर कुठेच नव्हते. चोरी केल्यासारखं वाटलं. आष्टीत कोणतं वाजवू? त्यांचा हात आता तारेवर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मीही सोडलं तर ते ऐकायचं कुठे…

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती
आष्टी. जन्माला तासभर अवकाश, ऊन उतरत आलेलं. दरवर्षी ही वेळ मास्तरांची. शबानाने त्यांना जीपमधून आणलं, पुढे खुर्चीत बसवलं. मारवा. ठरवूनच बसले होते, तिसरं बोट वर. रिषभ आला, अगदी त्यांच्या वाटेने. माझ्याच हातातून येत होता आणि मीच चकित होऊन ऐकत होते. असं आयुष्यात झालं नव्हतं. मंडपात कुणी हललं नाही.
नंतर सगळे म्हणत होते, "डिट्टो मास्तर!" गोविंद तर पाया पडायला निघाला.
मास्तरांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "माझं जसंच्या तसं ऐकवलं. मी गेलो तरी हे ऱ्हाईल. आता तुझं कधी? जल्दी कर, बेटा. माझ्याकडं टाइम कमी हाय."
जन्माचा गुलाल उडाला. सुंठवडा आणून आधी मास्तरांच्या उजव्या हातावर ठेवला.

५ डिसेंबर, शुक्रवार
शाळेआधी तास-दीड तास बसले. फक्त तिसरं बोट, एकच सूर. अजून त्यांचाही नाही, माझाही नाही.
शबानाचा फोन. "अब्बा विचारून राह्यले, रविवारी येता न ताई? व्हायोलिन आणा म्हणले."
येते म्हणाले. फोन ठेवला आणि तिसरं बोट पुन्हा तारेवर टेकवलं.