फळीवरची ३८६ ची रिकामी खाच

मी, शर्मिला रामदास ओव्हाळ, वय सहासष्ट, निवृत्त अधिव्याख्याता, राहणार खडकी, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या नुसत्या शब्दावर कोणी विसंबत नाही, हा जुना अनुभव आहे.

१. खडकीचा फ्लॅट व बँकेतील ठेवी माझा मुलगा आयुष यास. त्याबद्दल वाद नाही.

२. वाद फळीचा आहे. माझे पती कालकथित रामदास दारूगोळा कारखान्यात सुतार होते. मी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवत असे. कॉलेजने मोडीत काढलेला प्रोसेसर मी मागून आणायचा आणि त्यांनी सागवानी फळीवर त्याच्या मापाची खाच कोरायची, असा आमचा संसार. पहिला ८०८५: धातूचे चाळीस पाय, साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. मग ८०८६, २८६, ४८६ आणि शेवटी एकतीस लाखांचा पेंटियम. ८०८५ ला एकेक आकडा हाताने भरवावा लागे. तो काय करतो आहे ते समजे. पेंटियमच्या डोक्यावर पंखा बसला आणि त्याचे-माझे बोलणे संपले.

आयुष स्वतः चिपच्या कंपनीत आहे. म्हणतो, "आई, तुझी अख्खी फळी माझ्या फोनच्या एका कोपऱ्यात मावेल. भंगारवाला सोन्यासाठी घेतो हे, देऊन टाक ना." फळी त्यालाच देत आहे. विकायची नाही. वर्षातून एकदा ८०८५ माझ्या सरावसंचात लावून दोन आकड्यांची बेरीज हाताने करायची. येत नसेल तर माझ्या वहीत लिहिली आहे.

३. फळीवर ३८६ ची खाच रिकामी आहे. १९९० साली आमच्या प्रयोगशाळेत एकच ३८६ होता. पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर! दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर नागपूरला गेले; रजा मंजूर होती. किल्ली सहकारी श्यामला आगाशे हिच्याकडे दिली. खंडेनवमीला तिने संगणक उघडून थेट प्रोसेसरला ओले गंध-कुंकू लावले. मी परतून बटण दाबले आणि धूर निघाला.

प्राचार्यांनी विचारले, "पूजा कोणी केली?" श्यामला हजेरीपट चाळू लागली. मी नाव घेतले तर, "पुरावा काय, बाई?" माझ्या सेवापुस्तकात 'निष्काळजीपणा' हा शब्द चढला तो कायमचा. जन्मात पूजा न केलेल्या बाईच्या नावावर कुंकू!

पस्तीस वर्षे श्यामला दिवाळीला चकल्या घेऊन येते. विषय काढला की, "अगं, जुनं काय उगाळतेस?" चकल्या उत्तम असतात, हीच पंचाईत.

४. जळका ३८६ कपाटात आहे; पायांत कुंकू अजून दिसते. ते कोणाचे, हे लेखी मिळेपर्यंत तो खाचेत बसवू नये.

५. श्यामलास काही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणूनच तिला साक्षीदार केले आहे. सही करण्याआधी वाचावे लागते.

खडकी, पुणे
१२ ऑक्टोबर २०२५
शर्मिला रा. ओव्हाळ

साक्षीदार:
१. इंद्रजीत साळवे, शेजारी, खडकी.
२. श्यामला आगाशे, नारायण पेठ. कलम ३ वाचले. कुंकू मीच लावले होते. तेव्हा माझी नोकरी पक्की नव्हती, घाबरले. आता बसव तो खाचेत.