डावीकडची फळं

चि. धाकटीस थोरलीचे उभ्याउभ्या आशीर्वाद. हो, उभी राहते आता!

अर्धांगाच्या झटक्यानंतर तोल यावा म्हणून इथे दवाखान्यात खेळ खेळवतात. फळीवर उभं राहून झुकायचं, झुकू तशी टीव्हीतली टोपली सरकते, नि तिच्यात वरून पडणारी फळं झेलायची. तुझे दाजी असते तर म्हणाले असते, "म्हातारपणी पोरखेळ!"

काल उजवीकडची सगळी झेलली. शिकवणाऱ्या पोरीला म्हटलं, "डावीकडच्या झाडाला फळं धरत नाहीत का गं?" ती हसली नाही. म्हणाली, "आजी, तिकडेही तेवढीच पडतात. तुमचं लक्षच जात नाही. तिकडे वळून बघायची सवय लागली, की घरी सोडू."

तुझा गुडघा काय म्हणतो? माझी काळजी करू नकोस. फक्त भेटायला आलीस की उजवीकडे बस. नाहीतर म्हणशील, ताईनं ओळखसुद्धा दाखवली नाही.

तुझीच,
ताई