सायकल दुर्गाची, जुना एक्सल माझ्यासोबत

मी, लहानू सोमा मडावी, वय अंदाजे बहात्तर, राहणार कोसमटोला, तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, मोहाची घेतलेली नाही, कोणाचा दबाव नाही. तेंदूपाने गोळा होतात त्या फळीवर मुन्शीगिरी करता करता अक्षरे शिकलो, तरी काना-मात्रा चुकल्यास समजून घ्यावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी बायको केसरबाई हिची. धानाची बांधी, म्हणजे शेत, मुलगा लोकेश व मुलगी दुर्गा यांना सारखी; पण केसरबाई आहे तोवर लोकेशने वाटणीचा शब्द काढू नये. तो नागपुरात कमावतो, आईला फोन मात्र क्वचित करतो. हे रागाने लिहीत नाही, पण लिहिले आहे.

२. माझी काळी सायकल. आमच्या कुळात माणूस गेला की त्याची खाट, भांडी, छत्री, सायकल माती देतात त्या जागी नेऊन ठेवतात. रीत मी मानतो. पण दुर्गा आशा वर्कर आहे, जंगलातून पाड्यापाड्याला ह्याच सायकलने जाते. गेल्या पावसाळ्यात नाल्यापलीकडे पायडलांमधला एक्सल जाम झाला आणि बाळंतिणीकडे पोचायला तिला उशीर झाला. दोन्ही जीव वाचले. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही. म्हणून सायकल तिलाच.

माझा भाऊ झिंगू ऐकेना. म्हणाला, "तुयी वस्तू तुयासोबतच गेली पायजे. नाई तं मांगायले येशील."

"सीट दुर्गानं बदलवली, टायर तिनंच टाकले. माया पायानं झिजला तो मधातला एक्सल. तेवढा मले देजा."

"नुसता एक्सल घेऊन का करशील?"

"आपल्या बाबाची सायकल तिथीच पडून आहे. तिले लावीन."

झिंगू हसला. हसला म्हणजे मानले, असे मी धरतो.

३. तर जुना एक्सल, त्याच्या कटोऱ्या आणि त्यांतल्या लोखंडी गोळ्या, म्हणजे छर्रे, माझ्यासोबत. नवे कोणते, यावर वाद झाला. मी सुट्या छर्ऱ्यांचा माणूस: खोलावे, रॉकेलने धुवावे, ग्रीस भरावे. दुर्गाला बंद बेअरिंग हवे, आत पाणी-रेती जात नाही म्हणून.

मी म्हटले, "ते बिघडलं तं खोलता येत नाई. पुरंच बदलवा लागते."

"अन् छर्रे दर पावसाळ्यात खोलते कोन, बाबा? तुमीच ना?"

मी नसेन, म्हणून तर हा कागद लिहीत आहे. बंद बेअरिंगच बसवावे. त्याला खिळीचे जुने क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, चालत नाहीत, चौकोनी भोकाचे घ्यावे. फ्रेमच्या नळीची रुंदी आधी मोजावी; अंदाजाने नेलेला माल धानोऱ्याचा प्रफुल सायकलवाला परत घेत नाही.

४. हत्यारे दुर्गाची. मोठा पाना झिंगूने नेऊन गंजवला, तो मी त्याला आजच देऊन टाकला. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून वाटा घेता येत नाही म्हणतात.

५. बेअरिंगचे काम येत्या बाजाराला करायचे आहे. त्याआधी मी गेलो, तर मला अंगणात सावलीला ठेवावे आणि प्रफुलला बोलवावे. नवे बेअरिंग बसले की दुर्गाने सायकल नाल्यापार नेऊन आणावी. पायडल बरोबर फिरते असे तिने सांगितल्यावरच मला उचलावे. लोक खोळंबले तर खोळंबू द्यावे.

सही: लहानू सोमा मडावी
कोसमटोला, दि. १२ जानेवारी २०२५

लहानूने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्याच्यासमोर:
१) गुणवंतराव रामटेके, निवृत्त पोस्टमन (सही)
२) झिंगू सोमा मडावी, भाऊ (दुसरे कलम दोनदा वाचून दाखवायला लावले, मग अंगठा)