एकच अपत्य

मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव थोरल्या मुलीच्या ताब्यात द्यावी, पण दोन्ही गप्पूसाठी. गप्पू म्हणजे माझा धाकटा. त्याची वाढ जन्मापासून हळू. चाळिशी ओलांडली तरी शर्टाची बटणे लावून द्यावी लागतात. तो हयात असेतो घर विकू नये.

२. पुस्तके दाबायचे यंत्र गप्पूचे. त्याचा दांडा फिरवायला त्याला आवडते. शेजारी आवाजाची तक्रार करतील, करू द्यावी.

३. मेहुण्याला काही नाही. तो विमा कचेरीत खिडकीवर बसायचा. कुटुंबाचा आरोग्यविमा काढताना म्हणाला, "याचं नाव घालू नका भाऊजी, सगळा अर्ज परत येईल." अक्षर चांगले म्हणून आमच्या बांधणी कारखान्यातल्या सगळ्यांचे अर्ज मीच भरायचो. 'मुले किती' या रकान्यात त्याच वळणदार अक्षरात मी 'एक' लिहिले. लेखणी माझ्या हातात होती, म्हणून मेहुण्याला माफ केले आहे. माझी छत्री मात्र त्याने परत करावी.

४. पुढे नियम बदलला. अशा मुलांच्या हाताच्या व्यायामाचा खर्च विम्यातून मिळू लागला. मी गप्पूसाठी अर्ज केला, तर उत्तर आले की नोंदीनुसार आपणांस एकच अपत्य आहे. बायकोने पत्र वाचले आणि विचारले, "मग हा कोणाचा?" नोंद दुरुस्त व्हायला सहा वर्षे गेली, तोवर त्याची बोटे आखडली. चमचा धरायला शिकलेला मुलगा पुन्हा भरवून घेऊ लागला. त्या दिवसानंतर बायको जाईपर्यंत मला एका शब्दाने टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

५. थोरलीने विम्याचे नूतनीकरण कधी चुकवू नये, आणि गप्पूची अवस्था आहे तशी लिहावी. हे तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "बाबा, त्याचं मी बघेन. तुम्ही फक्त या वेळी खरं लिहा."

६. म्हणून लिहितो. मुले दोन.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले, गप्पूला व्यायाम शिकवणाऱ्या बाई.
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: ९ मार्च २०२३.
सही: लिहून देणार, थोरलीचा आणि गप्पूचा बाप.