नाक वर, बूड खाली

६ ऑगस्ट

नाक वर, बूड खाली! नवं इंजिन बसवलेली क्लबची बोट आज तलावात उतरवली. वेग दिला तर पुढचं टोक आभाळात आणि मागचं पाण्यात. खरं तर वेग धरल्यावर बोटीनं पाण्यावर चढून सपाट पळायला हवं. ही म्हशीसारखी बसकण मारते. जुन्याच्या दुप्पट ताकदीचं इंजिन मागितलं कुणी? मीच. कमिटीत टेबल आपटून.

कल्पनावहिनी घाटावर आल्या होत्या. गेल्या विसर्जनाला त्यांचा मधुकर — कारखान्यात माझ्याच शॉपमधला, माझा दोस्त — मूर्तीबरोबर पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. बुडणाऱ्यासाठी ठेवलेली बोट तेव्हा इंजिन काढून शेडमध्ये पडली होती. या वर्षी होईल ना, असं वहिनींनी विचारलं. होणार म्हणालो. आता झालीच पाहिजे.

८ ऑगस्ट

नवं इंजिन जड, म्हणून मागं वजन जास्त. साधी गोष्ट! बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढं सरकवली. बोटवाला श्यामलाल आणि मी, दोघंच गेलो. काय पळाली! घरी येऊन प्रतिभाला सगळं रंगवून सांगितलं. आधी पाय धुवा म्हणाली.

१३ ऑगस्ट

पुन्हा तेच!! आज चाचणीला सक्सेनासाहेब — आमचे जीएम, क्लबचे अध्यक्ष — दोन मॅनेजर घेऊन आले. बोट बसली ती उठेचना. साहेबांच्या बुटात पाणी. टर्बाइन तरी नीट बनवता ना, असं हिंदीत विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ ऑगस्ट

इंजिनाचा कोन बदलला. आम्ही दोघं गेलो. पळाली.

२० ऑगस्ट

साहेब आले. बसली.

डोकं चालेनासं झालंय. इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलला. बूड घासून शेवाळ काढलं. तीच बोट, तेच पाणी, तेच पेट्रोल! इंजिन साहेबांना ओळखतं, असं श्यामलालचं म्हणणं. त्याच्यावर उगाच खेकसलो. साहेब जाताना बजावून गेले — गणपती बसतील त्या दिवशी शेवटची ट्रायल, नाहीतर बोट लिलावात. वहिनींच्या दारावरून जायचं टाळून इंद्रपुरीकडून घरी आलो.

२३ ऑगस्ट

सापडलं! गेटवर साहेबांची गाडी थांबली. ड्रायव्हरनं उतरून मागचं दार उघडलं. मी स्कूटरवर बसल्या बसल्या कपाळावर हात मारला. अहो, साहेब मागंच बसणार! बोटीतसुद्धा मागच्या गादीच्या सीटवर, छताखाली. शेजारी दोन्ही मॅनेजर. तिघंही चांगले खात्यापित्या घरचे. साहेबांकडे पाठ करून पुढं बसायची कुणाची टाप? पुढचा बाक रिकामा. इंजिनाचं वजन मागं, हुद्द्याचंही मागंच.

प्रतिभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग साहेबांना पुढं बसायला सांगा की."

वेडीच आहे ही. पुढं बसून जीएम अंगावर पाणी घेणार? इतकी वर्षं नोकरी केली, साहेबांनी कुठं बसावं हे मी आजवर सांगितलेलं नाही.

२५ ऑगस्ट

वाळूची तीन पोती. पुढच्या फळीखाली कोंबली, दोरानं घट्ट बांधली, वर ताडपत्री. कशासाठी, असं श्यामलालनं विचारलं. असंच, म्हणालो.

२७ ऑगस्ट

गणपती बसले, बोट उठली!! साहेब मागं, मॅनेजर मागं, आणि बोट सपाट! साहेबांनी पाठ थोपटली. तसाच वहिनींकडे गेलो. ऐकून त्या रडायला लागल्या. मलाही भरून आलं. आज पोटभर जेवलो.

५ सप्टेंबर

उद्या विसर्जन. साहेब स्वतः बोटीतून गस्त घालणार आहेत, म्हणजे पोती राहू देत.

तरी काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही. प्रतिभा म्हणते झोपा आता. उगाच शंका काढायची सवयच आहे मला.

७ सप्टेंबर

काल साहेब बोटीत बसलेच नाहीत. दिल्लीचे पाहुणे आले म्हणून मंडपात थांबले. मॅनेजरही तिथंच. दुपारी तलावात ओरडा झाला. श्यामलाल आणि एक पोहणारा, दोघंच बोट घेऊन सुटले. मागं वजन नाही, पुढं पोती. बोटीनं नाक पाण्यात खुपसलं, आडवी फिरली. श्यामलालनं वेग कमी केला, सरळ केली, पुन्हा वेग दिला, पुन्हा तेच. पोती फेक, पोती फेक म्हणून मी घाटावरून घसा फाडला. ढोलांच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार?

इंद्रपुरीच्या मंडळाचा तरुण होता. काढला तेव्हा संपलेला होता.

सकाळी साहेबांचा फोन. तुझी काही चूक नाही म्हणाले.

८ सप्टेंबर

वहिनी आल्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "गेल्या वर्षी निदान बोट नव्हती, भाऊजी."